पाणी सोडणारा कोण?

वार्षिक अंकासाठी लेख मागवणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींनी मधल्या सुट्टीतच विषय वाटून घेतले. कोणी ‘स्त्री आणि शिक्षण’ घेतला, कोणी ‘आजचा तरुण कुठे चालला आहे?’ हा घेतला. मी म्हणाले, मी एका जुन्या व्हिडिओ गेमवर लिहिणार आहे. सगळ्या हसल्या. एकीने विचारले, “हा काय लेखाचा विषय झाला? आणि सर छापतील का?”

तिचा प्रश्न रास्त होता. मोबाईलवरचा खेळ म्हणजे पोरे बिघडवणारी वस्तू, असेच आपण घरी ऐकतो, आणि त्यात पुष्कळ तथ्यही आहे. तेव्हा वाचकांना आधीच सांगते, खेळण्यात वेळ कसा घालवावा हे शिकवायला हा लेख नाही. एका खेळाने मला एक प्रश्न दिला. खरे पाहता तो प्रश्न माझ्या वडिलांनी विचारला. खेळ फक्त निमित्त झाला. तो प्रश्न आज आपण सर्व विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारायची वेळ आली आहे, असे मला वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरू लागली. आमच्या घरी साधा, बटणांचा फोन होता. पुण्यात कारखान्यात काम करणारा माझा मामेभाऊ काम बंद पडल्यामुळे गावी आला होता. त्याने आपला जुना फोन मला अभ्यासासाठी दिला. त्या फोनमध्ये ‘फँटसी स्टार २’ नावाचा एक खेळ होता. सेगा या जपानी कंपनीने २०१७ साली आपले काही जुने खेळ फोनवर मोफत दिले होते, त्यांतला हा एक. तास संपला की मी तो उघडून बसे. इंग्रजी जेमतेम कळे, म्हणून शेजारी शब्दकोश ठेवून एकेक वाक्य लावत असे. कथा पुढे काय होते हे कळल्याशिवाय राहवत नसे आणि शब्द अडला की कथा अडे. माझे इंग्रजी जे काही सुधारले ते असे.

आता खेळाविषयी थोडे. ‘फँटसी स्टार’चा पहिला भाग जपानमध्ये १९८७ साली आला आणि दुसरा १९८९ साली, सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी. अमेरिकेत ते यंत्र जेनेसिस या नावाने विकले गेले. यात गोष्ट वाचायची असते आणि चालवायचीही असते. आपण एका पात्राला गावोगाव फिरवतो, लोकांशी बोलतो, साथीदार जमवतो. वाटेत राक्षसी प्राणी आले तर आळीपाळीने वार करून लढतो. ‘मेसेटा’ नावाचे पैसे साठवून तलवारी आणि चिलखते घेतो.

आपल्याकडे ग्रंथालयात अद्भुतकथा एका कपाटात असतात आणि विज्ञानकथा दुसऱ्या. या खेळाने दोन्ही कपाटे एकत्र केली. अल्गोल नावाच्या सूर्याभोवती तीन ग्रह आहेत. तिथे अंतराळयाने आहेत, यंत्रमानव आहेत. आणि त्यांच्याच शेजारी तलवारी आहेत, मंत्रसामर्थ्य असलेले साधक आहेत, हजार वर्षे टिकून राहिलेली सैतानी शक्तीही आहे. पहिल्या भागात ज्याला सरळ ‘जादू’ म्हटले होते त्याला दुसऱ्या भागात ‘तंत्र’ म्हणतात. आणखी एक गोष्ट मला मुद्दाम नोंदवावीशी वाटते. पहिल्या भागाची नायिका ॲलिस ही मुलगी आहे. राजाच्या शिपायांनी मारलेल्या भावासाठी ती एकटी घराबाहेर पडते. त्या खेळाची चित्रे आणि रचना यांत रिएको कोदामा या स्त्री-कलाकाराचा मोठा वाटा होता. दुसऱ्या भागाची कथा चिएको आओकी यांनी लिहिली. याही एक स्त्रीच. व्हिडिओ गेम हा मुलांचा प्रांत आहे असे मला सांगणाऱ्या माझ्या भावाला हे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या भागाची कथा मोटाव्हिया ग्रहावर सुरू होते. मूळचा हा वाळवंटी ग्रह. पण ‘मदर ब्रेन’ नावाच्या एका महासंगणकाने त्याचे नंदनवन केले आहे. पाऊस केव्हा आणि किती पडावा हे ‘क्लायमेट्रॉल’ नावाची यंत्रणा ठरवते. नवनवे जीव प्रयोगशाळेत तयार होतात. लोकांना कसली ददात नाही, त्यामुळे कष्ट करण्याचे कारणही उरलेले नाही. मदर ब्रेन कोणी बनवला, तो कुठे आहे, हे कोणालाच माहीत नाही, आणि माहीत करून घ्यावे असे कोणाला वाटतही नाही. मग एके दिवशी प्रयोगशाळेतून हिंस्र प्राणी बाहेर पडू लागतात. रॉल्फ नावाच्या तरुण सरकारी कर्मचाऱ्याला याचे कारण शोधायला पाठवले जाते. तो रॉल्फ म्हणजे खेळणारे आपण.

एका रात्री आमच्या पाटाच्या पाण्याची पाळी होती. पाणी यायला उशीर होता, म्हणून आबा ओट्यावर बसून वाट पाहत होते. त्यांनी विचारले, “काय करतीस गं त्या फोनात एवढं?” मी त्यांना गोष्ट सांगितली. खेळात जागा कमी म्हणून नावे चार अक्षरांत बसवली आहेत, त्यामुळे पडद्यावर ग्रहाचे नाव नुसते ‘मोटा’ असे दिसते. ते ऐकून आबांना आजोबांची विहिरीवरची मोट आठवली आणि ते हसले. पण पुढे ऐकता ऐकता ते गंभीर झाले. त्यांनी विचारले, “मंग त्या गावात पानी सोडनारा कोन हाय?”

मी म्हणाले, “माणूस कोणी नाही, आबा. यंत्रच सोडतं.”

“आन् ते बिघडलं तर?”

मला उत्तर देता आले नाही. खेळ अजून तिथवर आला नव्हता. आबांना अक्षरओळख नाही. पण पाटाला पाणी आले की अंधारात नुसत्या आवाजावरून किती आले ते त्यांना कळते. वरच्या कोणत्या शेतकऱ्याने बारे मोडले असेल, याचाही ते अंदाज बांधतात. पाणी कोण सोडतो हे ज्याला माहीत नाही तो शेती करूच शकत नाही, हे त्यांच्या दृष्टीने इतके उघड होते की मोटाव्हियाचे लोक त्यांना वेडेच वाटले.

पुढे खेळात नेमके तेच घडले. ते सांगण्यापूर्वी नेईविषयी सांगायला हवे. नेई ही रॉल्फने घरी ठेवून घेतलेली मुलगी. प्रयोगशाळेत जन्मलेली, अर्धी माणूस आणि अर्धी त्या प्राण्यांच्या वंशाची. तिचे लांब कान पाहून लोक तिला मारायला धावत. रॉल्फने तिला आश्रय दिला. सगळ्या उत्पाताच्या मुळाशी ‘नेईफर्स्ट’ नावाची तिचीच थोरली प्रतिमा आहे. शास्त्रज्ञांनी फसलेला प्रयोग म्हणून तिला ठार करायचा प्रयत्न केला, म्हणून ती माणसांवर सूड घेते आहे. दोघींचे जीवन एकमेकींत गुंतलेले आहे. नेई तिच्याशी लढते आणि मरते.

मी घाबरले नाही. या खेळात मेलेल्या साथीदाराला पैसे देऊन पुन्हा जिवंत करून देणारी प्रयोगशाळा गावोगाव आहे. मी तिचा अनेकदा उपयोग केला होता. पण नेईला जिवंत करता येत नाही, असे तिथे उत्तर मिळाले. मी मागची जतन केलेली नोंद उघडून तीच लढाई पुन्हा लढले. अधिक चांगली शस्त्रे घेतली. काही उपयोग झाला नाही. ती मरायची ती मेलीच. ‘फायनल फँटसी ७’ या १९९७ च्या खेळातल्या एरिथचा मृत्यू जगभर गाजला. नेईचा मृत्यू त्याच्या आठ वर्षे आधीचा आहे. कादंबरीत पात्र मेले की आपण रडतो, पण आपण काही करू शकलो असतो असे वाटत नाही. इथे तिला तिथवर नेणारी बोटे माझी होती. हा दुःखाचा प्रकार मला पुस्तकात भेटला नव्हता. म्हणूनच या कलेला कमी लेखू नये असे मला वाटते.

नेईफर्स्टबरोबर क्लायमेट्रॉलही नष्ट होते. आता पाण्यावर कोणाचेच नियंत्रण नाही. तळी तुडुंब भरतात, पूर येण्याची वेळ येते. चार धरणे आहेत, पण त्यांचे दरवाजे उघडायला कोणी माणूस नाही. रॉल्फ आणि त्याचे साथीदार एकेक धरण शोधत जातात आणि दरवाजे उघडतात. आणि याच कामासाठी त्यांना गुन्हेगार ठरवून यंत्रमानवांची फौज पकडते! ज्या उपग्रहावर त्यांना कैदेत ठेवले जाते, तो पाल्मा या मुख्य ग्रहावर आदळतो आणि अख्खा ग्रह नष्ट होतो. त्याच रात्री हे मी आबांना सांगितले असते तर ते म्हणाले असते, “मी काय म्हनत हुतो?” मी दुसऱ्या दिवशी सांगितले आणि ते तसेच म्हणाले.

शेवटी नोआ नावाच्या एका यानावर मदर ब्रेन सापडतो. तो फोडल्यावर त्याचे निर्माते समोर येतात. ते परग्रहवासी राक्षस नसतात. ते आपणच, पृथ्वीवरची माणसे! स्वतःच्या हावेपायी पृथ्वी उद्ध्वस्त करून उरलेले लोक इथे आले, आणि अल्गोलच्या लोकांना सुखात ठेवून दुबळे करावे म्हणून त्यांनी मदर ब्रेन बसवला. नायक त्यांच्यावर चालून जातात. एकेकाचा चेहरा दिसतो आणि खेळ तिथेच संपतो. कोण जिंकले, कोण वाचले, काही सांगत नाहीत. मला वाटले फोन बिघडला. मामेभावाने सांगितले की शेवट एवढाच आहे.

ही सगळी गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण गेल्या वर्षी, प्रथम वर्षाला असताना, एक प्रसंग घडला. ‘ग्रामीण जीवनातील बदल’ या विषयावर निबंध द्यायचा होता. आता फोनवर प्रश्न टाकला की सुबक उत्तर लिहून देणारे यंत्र आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी त्याला विषय सांगितला आणि आलेला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. आबा शेजारी बसले होते. लेक लिहिते आहे याचे त्यांना कोण कौतुक! म्हणाले, “वाच की जरा.” मी वाचले. ‘सामाजिक-आर्थिक संक्रमणाच्या बहुआयामी प्रक्रियेत...’ असे काहीतरी होते. आबांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “म्हंजी काय?” मला सांगता येईना. थोड्या वेळाने ते म्हणाले, “चांगलं आसंल. पर ह्यात आपलं काय हाय गं, पोरी?”

निबंध गावावर होता. मी गावात राहते. मोट गेली, इंजिन आले, मग मोटर आली. बैल विकले गेले त्या दिवशी आई जेवली नाही. पाळीच्या रात्री वीज नसली की काय होते. हे सारे मी डोळ्यांनी पाहिलेले किंवा घरी ऐकलेले. त्यातली एक ओळ त्या निबंधात नव्हती. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणाला लिहिता येत नव्हते. लिहिता येणारी पहिली मी, आणि मी ते काम यंत्राकडे सोपवून मोकळी झाले होते. त्या रात्री मला मोटाव्हिया आठवला. पाणी कोण सोडतो हे न विचारणाऱ्या लोकांना मी शब्दकोश घेऊन, शहाणपणाने हसले होते. मग माझे वाक्य कोण लिहितो हे मी तरी कुठे विचारले?

तो निबंध मी दिला नाही. नवा लिहिला. त्याला गुण बरेच कमी मिळाले, हे प्रामाणिकपणे सांगते. वाक्ये अडखळत होती, दोन ठिकाणी व्याकरण चुकले होते. पण आबांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून बैलांच्या जागी एक दुरुस्ती सुचवली. मला वाटते, निबंध आपला असल्याची ती पावती होती.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्रे फेकून द्यावीत काय? मी तसे म्हणत नाही, आणि हा खेळही तसे म्हणत नाही. याच मालिकेचा चौथा भाग १९९३ साली आला. रिएको कोदामा त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक होत्या. त्याची कथा हजार वर्षांनंतरची आहे. मदर ब्रेन गेल्यावर मोटाव्हियाचे काय झाले हे त्यात दाखवले आहे. विनाश झाला, यंत्रणा बंद पडल्या, हिरवा ग्रह पुन्हा वाळवंट होऊ लागला. म्हणजे यंत्र फोडल्याने सुखाचे दिवस आले असे भाबडे उत्तर या कथाकारांनी दिले नाही. ज्या पिढीने काहीच शिकून ठेवले नाही तिच्या नातवंडांना ते भोगावे लागले. आमच्याही शेतावर मोटर आहे, आणि आबांना पुन्हा मोट हाकायला सांगणे हा क्रूरपणा होईल. पण मोटर बंद पडली तर आबा ती उघडून बसतात. यंत्र वापरावे, पण ते उघडून पाहण्याची आणि त्याच्यावाचून चार दिवस निभावण्याची कुवत आपल्यात असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप असा की, शहाणपण सांगणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत, त्यासाठी खेळ कशाला? यातही तथ्य आहे. या खेळात तेच तेच प्राणी मारत पैसे साठवण्यात कितीतरी तास जातात. त्याची भुयारे इतकी चक्रावून टाकणारी आहेत की अमेरिकेत तो विकताना सोबत मार्गदर्शक पुस्तिका द्यावी लागली, आपल्या क्रमिक पुस्तकाबरोबर गाईड असते तशी! माझ्याजवळ ती नव्हती. मी वहीच्या मागच्या पानांवर नकाशे काढले आणि नववीत गणितात मार खाल्ला. आबा मात्र रागावले नाहीत. आई रागावली, आणि तिचे बरोबर होते. पण नाटक-सिनेमाही एकेकाळी वाया जाण्याचाच मार्ग समजला जात होता. आज आपण नाटक अभ्यासाला लावतो. ज्या माध्यमात आपले हजारो विद्यार्थी रोज तास-दोन तास घालवतात त्यातले चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते, हे सांगणारे कोणी नको काय? आपल्या वाङ्मय मंडळाने वर्षातून एक चर्चा अशा एखाद्या कथारूप खेळावर ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. प्राध्यापकांना खेळ येत नसेल तर आम्ही शिकवू. कथेचे मर्म कसे उलगडावे हे त्यांनी आम्हाला शिकवावे.

रिएको कोदामा २०२२ साली वारल्या. आपल्या खेळातले वाक्य महाराष्ट्रातल्या एका खेड्यात, ओट्यावर बसून एका मुलीने आपल्या वडिलांना मराठीत समजावून सांगितले, हे त्यांना कधी कळले नसेल.

मित्रमैत्रिणींनो, परीक्षा जवळ आल्या आहेत. उत्तरे लिहून देणारे यंत्र आपल्या सर्वांच्या खिशात आहे, आणि ते वापरण्याचा मोह मलाही रोज होतो. मी संत नाही. हा लेख लिहितानाही एकदा हात तिकडे गेला होता. पण पुढच्या महिन्यात पाटाला पाणी येईल तेव्हा आबा मला विचारणार आहेत, “औंदा काय लिव्हलंस?” त्यांना वाचून दाखवायला मला हा लेख हवा आहे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा